वसंतरावांच्या नावाच्या सभागृहात जागा मिळवताना

जुलै सरायला आला की माझी पेपर वाचायची तऱ्हा बदलते. पहिलं पान, अग्रलेख, राशिभविष्य सगळं मागाहून. आधी शहराच्या पुरवणीतला तो कोपरा, जिथे आज कुठे काय आहे याच्या चार-चार ओळी छापलेल्या असतात. 30 जुलै ही गायक वसंतराव देशपांड्यांची पुण्यतिथी. त्या सुमाराला आमच्याकडे नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोह होतो. सभागृहही त्यांच्याच नावाचं. प्रवेश विनामूल्य.

'विनामूल्य' म्हटलं की पुण्याची माझी मावसबहीण हळहळते. "तुमची मजा आहे बाई, आम्हाला सवाई गंधर्व महोत्सवाला तिकिटं काढावी लागतात." खरंय. पण तिच्या हातात निदान तिकीट असतं. आमच्या हातात छत्री.

मी वसंतरावांना प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. 1983 साली ते गेले तेव्हा मी पाळण्यात होते. माझं सगळं ऐकणं कॅसेटवरचं, तेही बाबांनी कुणाकुणाकडून उतरवून आणलेल्या खासगी मैफलींचं. त्यातल्या एका कॅसेटवर नेमकं वसंतराव समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना एक माणूस खोकतो. चांगला खाकरून खोकतो. लहानपणी मला त्या माणसाचा राग यायचा. पुढे पुढे राग गेला आणि हेवा वाटायला लागला. कोण असेल तो? त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाला असेल, सर्दी झालेली असताना बायको नको म्हणत असेल, तरी गेला आणि त्या खोलीत बसला. मी नव्हते. आजही ती चीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली की त्या जागी खोकला आला नाही म्हणून मला चुकल्यासारखं होतं.

आमच्या वसंतरावांवर, म्हणजे नागपूरकर असाच शब्द वापरतात, गावाचा हक्क मोठा. जन्म मूर्तिजापूरकडचा, 2 मे 1920 चा, पण लहानपण नागपुरात गेलं आणि गाण्याचे पहिले धडे इथेच शंकरराव सप्रे गुरुजींकडे मिळाले. पुढे लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडून मारवा राग घेतला. 1967 साली ज्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकाने त्यांना घराघरांत नेलं, ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरही नागपूरचेच. गावातल्या सत्तरीपुढच्या कुणालाही विचारा, त्याने ते नाटक धनवटे रंगमंदिरात बघितलेलंच असतं, तेही पहिल्या रांगेतून. एवढी मोठी पहिली रांग त्या थिएटरात कशी मावली, हा प्रश्न मी माझ्या सासऱ्यांना एकदा विचारला होता. त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

आता पुरस्कारांचं. गाणं कळणारी माणसं पुरस्काराचा विषय निघाला की नाक मुरडतात. "पुरस्काराने काय गळा सुधारतो का?" नाही सुधारत. पण मला फरक पडतो, आणि तो मी लपवत नाही. ज्या माणसाने उमेदीची वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत काढली, बदली झाली तेव्हा पार नेफापर्यंत, म्हणजे आजच्या अरुणाचलपर्यंत, जाऊन आला आणि या सगळ्यातून वेळ काढून गायला, त्याला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला 1982 साली. पुढच्या वर्षी ते गेलेच. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि चांगलीच चिडले होते. त्यांच्यासाठी टाळी वाजवायला मी तिथे नव्हते, मग निदान दुसऱ्या कुणी तरी ती वेळेवर आणि जोरात वाजवावी, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून 2016 साली घरात महाभारत झालं. 'कट्यार'वरच्या सिनेमासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार महेश काळेंना मिळाला. सिनेमात खाँसाहेबांचं गाणं वसंतरावांच्या नातवाने, राहुल देशपांडेंनी गायलं होतं, पंडितजींच्या शिष्याचं महेशजींनी. माझे नाशिकचे दीर पक्के महेशवाले. सकाळी घरच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज: "वहिनी, पेपर बघा जरा." पुढे लाडवांची रांग. मी उलट लिहिलं, की पुरस्कार योग्यच आहे, गाणं सुंदर आहे, आणि हे लिहिताना दात खाल्ले. महेश काळेंबद्दल माझं काही वाकडं नाही, त्यांच्या मैफलींनाही मी गेले आहे. पण चाहत्याला न्यायाधीश व्हायला सांगू नये. ते काम त्याचं नव्हे.

22 जुलै 2022 ला 68 वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडे सर्वोत्कृष्ट पार्श्वगायक ठरले. त्याच सिनेमाला साउंड डिझाइनचाही मिळाला. आजोबांची भूमिका नातवाने केली, आजोबांचं गाणं नातवाने गायलं, आणि पुण्यतिथीला जेमतेम आठ दिवस राहिले असताना ही बातमी आली. मी स्टाफरूममध्ये संत्रा बर्फी वाटली. सगळ्यांना वाटलं माझं प्रमोशन झालं. खरं कारण सांगितल्यावर आमच्या गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचे नातेवाईक आहेत का जी ते?" दिरांचा मेसेज संध्याकाळी आला: "अभिनंदन वहिनी. घसा सांभाळा आता, सत्काराला बोलावतील." लाडू मात्र एकही नाही.

असो. आता समारोहाला जायचं कसं ते सांगते, कारण दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतंच.

पास नसतो, नंबर नसतो. जो आधी येईल तो बसेल. पत्रिकेवर जी वेळ असेल तिच्या किमान दीड तास आधी दारात हवं, आणि पहिल्या दिवशी त्याहून आधी, कारण पहिल्या दिवशी ज्यांना गाण्याशी घेणंदेणं नाही तेही येतात. गाडी नेऊ नये. पावसात सिव्हिल लाइन्सला पार्किंग शोधण्यात विलंबित ख्याल, म्हणजे सुरुवातीचं संथ गाणं, निघून जातो. मी जयप्रकाश नगरहून मेट्रोने झिरो माइलला उतरते आणि पुढे ऑटो. ऑटोवाला पाऊस बघून भाव सांगतो, आपण आभाळ बघून कमी करायला लावायचा. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून गेल्या वेळी त्याला थेट पायऱ्यांपाशी घ्यायला सांगितलं तर म्हणाला, "काय आहे बाप्पा आज, मंत्री येऊन राहिले का?" गाणं आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग काहून इतकी घाई?"

रांगेत उभं राहण्याचं एक शास्त्र आहे. ज्येष्ठ मंडळींच्या मागे उभं राहावं, कारण ती मध्येच सोडून जात नाहीत आणि कुणाला घुसू देत नाहीत. आमच्या पुढे एक काकू होत्या, काखेत काठी, एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रेनकोट, दुसऱ्या हातात थर्मास. दोन पोरं गप्पा मारत मारत हळूच पुढे सरकली तर काकूंनी काठी आडवी धरली. "काय रे बाबू, वसंतराव तुझे कोण?" पोरं मुकाट मागे गेली. दार उघडल्यावर मात्र धावायचं नाही. धावणारे मधल्या रांगांत जाऊन अडकतात. आम्ही कडेच्या वाटेने सावकाश चालत गेलो, आईसाठी वाटेलगतची खुर्ची धरली. एक लक्षात ठेवा, भिजून आला असाल तर एसीच्या झोताखाली बसू नका. हे मला माहीत होतं, पण तेवढीच जागा उरली होती.

बंद सभागृहाचं मला फार कौतुक आहे, आणि ते मैदानी कार्यक्रमांना जाऊन आल्यावर वाढलं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद करावे लागतात. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार 12 पर्यंत सवलत देतं, तेवढंच. नियम बरोबर आहे, शेजारी दवाखाना असतो, पोरांच्या परीक्षा असतात. पण आयोजकांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असताना दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, सत्काराला उत्तर आणि त्या उत्तराबद्दल आभार यात तास घालवायचा, आणि मग गायकाला घड्याळ दाखवायचं? शहरातल्या अशाच एका मोठ्या कार्यक्रमात, नाव राहू द्या, आम्ही बांबूंच्या मागे उभे होतो आणि पुढचे सोफे मध्यंतरापर्यंत रिकामे होते. सोफ्यांची माणसं आली, फोटो काढले, दोन गाण्यांनंतर निघाली. गायकाने शेवटचा अभंग अक्षरशः पळवला. सोफ्याला माझा विरोध नाही. पाहुणा पहिल्या गाण्याला आला नाही तर सोफा मागच्यांना द्यावा, एवढा नियम कुणी तरी करावा.

त्या संध्याकाळी दुसरी गायला बसली ती एक तरुण मुलगी. नाव लिहीत नाही, तिने माझं हे कौतुक वाचून लाजावं असं काही घडलेलं नाही. बसल्या बसल्या तिने तंबोरे पुन्हा जुळवायला घेतले. एसीने उतरले असणार. खुंटी जराशी फिरवली, मग खाली वाकून मणी केसभर सरकवला, मग घोडीवरच्या तारेखालचा दोरा बोटाने इवलासा हलवला, आणि एकदम तार बोलायला लागली. मागून कुणी तरी म्हणालं, "सुरू करा ना जी." माझ्या शेजारच्या आजोबांनी मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं की तो मोबाइलमध्ये शिरला.

मारवा होता. मारव्यात पंचम नाहीच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, म्हणजे सा, जो सगळ्या गाण्याचं घर, त्यालाच टाळत राहायचं. रिषभावर थांबायचं, धैवतावर थांबायचं, दारापर्यंत यायचं आणि आत जायचं नाही. मावळतीचा राग, बाहेर पावसाने आधीच अंधारून आलेलं. ती पोरगी घाई करत नव्हती. तबलजी विलंबितात ठेका धरून शांत बसले होते. कितीतरी वेळ ती निषादाच्या आसपास फिरत राहिली. आई, जिला रागांची नावं सांगता येत नाहीत, माझ्या दंडाला धरून बसली होती. आणि मग ती षड्जावर आली. शेजारचे आजोबा मोठ्याने म्हणाले, "आली बाई एकदाची!"

मला "व्वा" म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि शिंक आली. साधीसुधी नव्हे, एसी आणि ओल्या ओढणीची. पुढच्या रांगेत एक मुलगा मोबाइल उंच धरून सगळं रेकॉर्ड करत होता, त्याने वळून माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं. त्याने ते पुसलं नसेल तर त्याच्या फोनमध्ये तो षड्ज आणि माझी शिंक एकाच जागी आहेत. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. ऐकणाऱ्याने खुशाल चिडावं.

मध्यंतरात आलूबोंडा आणि चहा. चहाच्या रांगेत काकू पुन्हा भेटल्या. राहुल देशपांड्यांच्या पुरस्काराचा विषय मीच काढला, म्हटलं तुम्हाला काय वाटलं. काकू म्हणाल्या, "छान वाटलं. पण मला महेश जास्त आवडतो." मी बोंडा खात राहिले.

शेवटी भैरवी झाली तेव्हा आईच्या डोळ्यांत झोप आणि माझ्या डोळ्यांत सर्दीचं पाणी. शेवटची मेट्रो धरायची म्हणून टाळ्या वाजवत वाजवतच उठलो. जाताना काकूंना विचारलं, उद्या येणार ना.

"येणार म्हणजे? चारलाच येते. तुमच्या आईसाठी कडेच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवते. एसीपासून दूर." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यासाठीही टाकते. पण आल्याचा रस घेऊन या."