दहाव्या दिवसाची कटिंग

पलटणीत नव्याने आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य ऐकायला मिळतं: टोपीच्या आतले केस तुझे, बाहेरचे सरकारचे. रिक्रूट असताना मी ते ऐकलं आणि पुढे नायब सुभेदार झाल्यावर कित्येकांना ऐकवलं. दाढी रोज, कानावर केस नकोत, मानेवर मशीन फिरलेलं हवं. फॉलइनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, कंपनी हवालदार मेजर मागून चालतो तेव्हा तो माना बघत असतो. बाहेरच्या माणसाला हा छळ वाटतो, मला कधी वाटला नाही. पहाटे थंड पाण्याने दाढी करायची ज्याला सवय आहे तो हत्यारही साफ ठेवतो आणि पायाला झालेली जखमही वेळेवर दाखवतो, हे मी नोकरीभर पाहिलं आहे.

हा नियम ज्याच्या हातावर चालतो तो पलटणीचा ड्रेसर, म्हणजे केस कापणारा. तोही रीतसर भरती होऊन, ट्रेनिंग पुरी करून आलेला सैनिक असतो. फायरिंग करतो, शारीरिक चाचणीची दौड धावतो, वेळ पडली तर गार्डला उभा राहतो. पण पलटणीच्या पराक्रमाच्या गोष्टी निघतात तेव्हा त्याचं नाव कोणी घेत नाही. 2020 सालच्या त्या उन्हाळ्यात आमच्या ड्रेसरने जे केलं ते म्हणूनच लिहून ठेवतो आहे.

मार्चच्या मध्यावर लडाख स्काउट्सच्या एका जवानाला कोरोनाची लागण झाल्याची बातमी आली. सैन्यातली ती पहिली केस. पाठोपाठ देशभर लॉकडाऊन लागला आणि उत्तरेकडच्या आमच्या छावणीचं गेट बंद झालं. सुट्टीवर गेलेल्यांना आहात तिथेच थांबा असे निरोप गेले. बाहेरून येणाऱ्यांसाठी रंग ठरले. नुकताच आलेला तो यलो, चौदा दिवस वेगळा. चौदा दिवस निभावले की ग्रीन. लक्षणं दिसली की रेड, सरळ हॉस्पिटल. फॉलइनच्या मैदानावर आम्ही चुन्याची वर्तुळं काढली, एका वर्तुळात एक माणूस. बॅरेकमधल्या खाटा लांब लांब सरकवल्या, लंगरला, म्हणजे जेवणाला, पाळ्या लावल्या, व्हॉलीबॉलचं नेट उतरवून स्टोअरमध्ये टाकलं. एप्रिलमध्ये मुंबईच्या आयएनएस आंग्रे या नौदलाच्या तळावर वीसहून अधिक नौसैनिकांना लागण झाल्याचं कळलं, तेव्हा उरलीसुरली ढिलाईही संपली. एकाच छताखाली झोपणाऱ्या, एकाच नळावर दात घासणाऱ्या माणसांत हा आजार शिरला तर काय होईल, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

बाकी सगळं दोन मीटरवरून करता येत होतं. रोल कॉल घेता येतो, तापमान बघता येतं, ऑर्डर वाचून दाखवता येते. केस मात्र लांबून कापता येत नाहीत. त्यात आमच्या दोन ड्रेसरपैकी एक सुट्टीवर अडकलेला. उरला एकच, लान्स नाईक, अबोल गडी.

सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख, त्या साहेबांनी विचारलं, नियम थोडा सैल करायचा का? आरएमओ, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, वयाने माझ्या मुलासारखे होते, पण त्या दिवशी त्यांनी जो क्लास घेतला तो मी विसरणार नाही. एन-95 मास्क हातात धरून त्यांनी दाखवलं की त्याची कडा गालाच्या कातडीवर घट्ट बसली तरच तो कामाचा. खुंट वाढले की कडा उचलली जाते आणि हवा गाळणीतून न जाता बाजूने आत शिरते. पहिल्या महायुद्धात, एप्रिल 1915 मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला आणि युद्धात गॅस मास्क आले, तेव्हाही मुद्दा हाच होता. त्याच युद्धातल्या ब्रिटिश फौजेत 1916 पर्यंत मिशी ठेवणं सक्तीचं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अपवाद आपल्याकडेही आहेत. शीख जवानांच्या केसांना-दाढीला कोणी हात लावत नाही, नौदलात परवानगी घेऊन दाढी ठेवता येते, सियाचेनवरच्या जवानाला कोणी दाढी कर म्हणत नाही. पण आमच्यापुरतं ठरलं: दाढी रोजच, कटिंग मात्र आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी.

ड्रेसरने आपलं दुकान मोटार शेडच्या मोकळ्या टोकाला मांडलं, वारा खेळता राहील असं. प्रत्येकाने स्वतःची चादर आणायची, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि बोलायचं नाही. खरी अडचण मास्कच्या दोराची. दोर कानामागे, आणि आमची कटिंग सुरू होते तीच कानामागून. त्याने त्यावर तोड काढली. जवानाने तळहाताने मास्क नाकावर दाबून धरायचा. तो एका कानाचा दोर सोडणार, ती बाजू उरकणार, दोर परत अडकवणार, मग दुसरी बाजू. दर माणसामागे ब्लेड नवं, कंगवा आणि मशीनचं तोंड स्पिरिटने पुसलेलं, खुर्ची हायपोक्लोराइटच्या फडक्याने. त्या पाण्याने त्याच्या बोटांची सालं निघाली होती. 25 एप्रिलला गृह मंत्रालयाने स्पष्ट केलं की काही दुकानं उघडली तरी सलून बंदच राहतील. त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "सगळ्या देशाची दुकानं बंद आणि तुझं चालू." तो म्हणाला, "साहेब, आपलं दुकान नाही ना. ड्यूटी आहे." आणि पुढच्याला खुर्ची दाखवली.

आता त्या दिवसाकडे येतो.

एप्रिलच्या मध्यावर सैन्याने बंगळुरूहून दोन खास गाड्या सोडल्या, एक जम्मूला आणि एक गुवाहाटीला. दोन्ही बेळगाव, सिकंदराबाद करत गेल्या. जम्मूच्या गाडीने कोर्स संपवलेले आमचे काही जवान आले. आले ते थेट यलो बॅरेकमध्ये, आणि त्या बॅरेकचा इन्चार्ज मी. त्यांच्यातला एक शिपाई, चोवीस-पंचवीसचा, पोचून दोन दिवस होत नाहीत तोच घरून फोन आला. वडील गेले. हृदयविकार, कोरोनाचा काही संबंध नाही. विमानं बंद, प्रवासी रेल्वे बंद, आणि तो स्वतः विलगीकरणात. धाकट्या भावाने अग्नी दिला. मी खिडकीच्या जाळीबाहेर उभा राहून त्याच्याशी बोलत असे. सैन्यात आम्ही खांद्यावर हात ठेवून सांत्वन करतो. तो हातच त्या वेळी आम्हाला मना होता, आणि त्याचा त्रास मला आजही होतो.

आठव्या दिवशी त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "साहेब, परवा दहावा. केस काढायचे आहेत. मशीन आत दिलंत तर माझं मी करीन."

मशीन द्यायला माझी हरकत नव्हती. मी ते आणायला ड्रेसरकडे गेलो आणि कशासाठी ते सांगितलं. त्याने मशीन दिलं नाही. "ते आपलं आपण करायचं नसतं, साहेब. माझे वडील गावात दहाव्याला घाटावर जायचे. कितीही पाऊस असो, कोणाचंही घर असो. मी जातो आत."

इथे पेच पडला. आदल्या रात्री त्या शिपायाला कणकण वाटली होती. थर्मल गनवर आकडा फार नव्हता, पण आरएमओ साहेबांनी स्वॅब पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याला कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. आत जाईल त्याने पीपीई घालूनच जावं आणि बाहेर आल्यावर निदान आठवडाभर एकटं राहावं, असं त्यांनी बजावलं. म्हणजे पलटणीचा एकमेव ड्रेसर आठवडाभर कामातून जाणार. आणि तीन दिवसांनी एक कंपनी वर पोस्टवर चढणार होती. वर पुढे कित्येक महिने ना ड्रेसर, ना खुर्ची.

सीओ साहेबांच्या ऑफिसात दाराजवळ मी, खिडकीशी आरएमओ, बाहेर व्हरांड्यात ड्रेसर. अॅडज्युटंट, म्हणजे सीओंच्या हाताखाली पलटणीचं कामकाज बघणारे अधिकारी, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एका माणसासाठी सगळ्या कंपनीची तयारी अडवायची का, एवढंच त्यांनी विचारलं. सीओ साहेबांनी ड्रेसरला आत बोलावून त्यालाच विचारलं. तो सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "सर, वर जाणाऱ्या सगळ्यांची कटिंग मी उद्या रात्रीपर्यंत संपवतो. परवा सकाळी मला आत सोडा."

कंपनी म्हणजे शंभरावर माणसं. सीओ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "होईल, सर." होईल याची मला खात्री नव्हती. पण तो करणार याची होती.

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आत शेडमध्ये उभा राहिला. मी प्लाटूनवार माणसं पाठवत होतो, आठ-आठची तुकडी, वर्तुळात उभी. दुपारपर्यंत मशीन इतकं तापलं की हातात धरवेना. त्याने ते ओल्या फडक्यावर ठेवलं आणि तेवढा वेळ कात्री-कंगव्यावर काम चालवलं. कात्रीला वेळ लागतो, म्हणून दोन मशीनं आळीपाळीने वापरायला लागला. बसला नाही. पाणी प्यायला मास्क काढावा लागतो म्हणून तेही लांब जाऊन, माणसं बदलताना. संध्याकाळी इमर्जन्सी लाइट लावले. जनरेटरच्या आवाजात मशीनचा आवाज ऐकू येत नव्हता, तो नुसत्या हातावर काम करत होता. मी मुद्दाम शेवटच्या काही माना टॉर्च लावून पाहिल्या. पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या कटिंगमध्ये फरक नव्हता. शेवटचा जवान उठला तेव्हा त्याने उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून उघडली. मूठ सुटत नव्हती.

सकाळी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, त्याला पीपीई चढवलं. दोन जोड ग्लोव्ह्ज, गॉगल, वर फेस शील्ड. वस्तरा धरून त्याने दोनदा स्वतःच्या ग्लोव्हवर हलकेच फिरवून पाहिला, कारण बोटांना धार कळत नव्हती. खोलीच्या मागच्या ओट्यावर बादली, स्टूल आणि खिडकीच्या चौकटीत उभा केलेला फोन. फोनवर त्याचा भाऊ, नदीकाठी. मी जाळीपलीकडे.

ड्रेसरने आधी डोकं भिजवलं, बराच वेळ, हळूहळू. मशीन वापरलं नाही. गॉगलवर वाफ जमली की तो थांबायचा, मान वाकवून वाफ ओसरू द्यायचा, मग पुन्हा सुरू. माझ्या माहितीत त्या दिवसांत त्या पोराला झालेला हा पहिलाच माणसाचा स्पर्श, तोही दोन रबरांतून. त्याला रडू आलं तेव्हा ड्रेसरने वस्तरा बाजूला घेतला आणि दुसरा हात त्याच्या डोक्यावर तसाच ठेवला. त्याचं थांबेपर्यंत हात हलवला नाही. मग विचारलं, "मिशी?" तो म्हणाला, "काढा." मागे शेंडीपुरते केस राखले. एकही काप नाही, रक्ताचा थेंब नाही. पडलेले केस त्याने स्वतः गोळा करून कचऱ्यात न टाकता वेगळ्या पुडीत बांधले आणि आरएमओ साहेबांना विचारून ती पुडी सील करायला लावली. विलगीकरण संपल्यावर त्या पोराने ती घेतली.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरीही ड्रेसर आठवडाभर तंबूत एकटा राहिला, ठरलेलं ते ठरलेलं. त्या आठवड्यात पलटणीत ज्यांना कटिंग लागली त्यांची दोन जवानांनी केली. तंबूच्या दोन मीटर अलीकडे खुर्ची मांडायची, आणि तो आतून सांगणार, मशीन उलटं धर, कानाजवळ तिरकं घे, मानेवर वरून खाली नको. त्यातला एक जवान पुढे इतका तयार झाला की वर पोस्टवर त्याने हिवाळाभर सगळ्यांचे केस कापले. जूनमधल्या गलवानच्या चकमकीनंतर आमच्यातली आणखी माणसं वर चढली, तेव्हा हे फार कामी आलं.

माझं एक ठाम मत आहे, आणि ते मी नोकरीत असतानाही बोललो आहे. महामारीत सैन्य उभं राहिलं ते डॉक्टरांवर आणि नर्सिंग असिस्टंटवर, हे खरंच. पण त्याच्याइतकंच ते लंगरच्या शेफवर, सफाईवाल्यावर, धोब्यावर आणि ड्रेसरवर उभं राहिलं, कारण लांबून न करता येणारी कामं त्यांच्या वाट्याची होती. पंच्याऐंशी टक्के तयारीचं वाहन चालत नाही, तशी ही माणसं वगळून पलटण चालत नाही.

वर्षअखेरीला कमेंडेशन कार्डासाठी, म्हणजे चांगल्या कामाच्या शाबासकीसाठी, नावं मागवली तेव्हा मी त्याचं नाव दिलं. ते त्याचं नेहमीचंच काम आहे, असा शेरा मारून वरून परत आलं. मी पुन्हा पाठवलं. या वेळी वर गेलेल्या कंपनीची नामावली जोडली, त्या दिवसाची वेळ लिहिली आणि खाली आरएमओ साहेबांची सही घेतली. दुसऱ्या यादीतही ते आलं नाही. मी आता निवृत्त आहे. पलटणीच्या सुभेदार मेजर साहेबांना फोन केला की अजून त्याचं विचारतो, आणि पुढच्या वेळी नावं मागवली तर कागद माझ्याकडे तयार आहेत.