नान्नजचा पक्षी, थारमध्ये

११ डिसेंबर, खीचन

माळढोक बघायला सोलापुरातून निघून आज चौथा दिवस. फलोदीला मुक्काम केला आणि उजाडायच्या आत खीचनला पोहोचले. गाव झोपेतून उठत होतं आणि आभाळ करकोच्यांनी भरलं होतं. इथे त्यांना कुरजां म्हणतात. मंगोलिया आणि मध्य आशियातून, हिमालय ओलांडून हे पक्षी येतात. गावकऱ्यांनी कुंपण घातलेलं चुग्गाघर केलंय, तिथे रोज धान्य पसरतात. एका घराच्या गच्चीवर मला बोलावून घेतलं, हातात चहा दिला. हजारो पक्षी एकमेकांना खेटून दाणे टिपत होते आणि आवाज इतका, की शेजारच्या काकूंचं बोलणं ऐकू येईना. इथल्या गाण्यांत दूर गेलेल्या नवऱ्याला निरोप हीच कुरजां नेते. तो आवाज ऐकल्यावर ते पटतं.

१२ डिसेंबर, देगराय

वाट वाकडी करून देगरायच्या ओरणात आले. ओरण म्हणजे आपली देवराईच, फक्त सावली नसलेली. देवीच्या नावाने राखलेली जमीन. खेजडी, केर, बोर, मधूनच सेवणचं गवत आणि चरणारे उंट. खेजडी म्हणजे आपली शमी. इथे झाडावर कुऱ्हाड चालवत नाहीत.

पण वरून तारा गेल्यात. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांची वीज नेणाऱ्या, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि पंधरा किलोपर्यंत भरणारा तो देह ऐनवेळी वळत नाही. काही तारांवर पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून चकत्या लावल्यात. मी त्या मोजायला लागले आणि थोड्या वेळाने मोजणं सोडून दिलं. विजेला माझा विरोध नाही. पण या एवढ्या पट्ट्यात तरी तारा जमिनीखालून जायलाच हव्यात. पुढे वर्षानुवर्षं गुरं राखणारा एक म्हातारा भेटला. माळढोकाला इथे गोडावण म्हणतात. म्हणाला, "बाईसा, गोडावण पहले घर के पास आता था." एवढंच बोलून तो उंटांमागे गेला.

१३ डिसेंबर, सम

आज दिसला.

नान्नजला बाबा मला लुनावर बसवून न्यायचे. १९७९ मध्ये माळढोकासाठी राखलेलं ते माळरान आमच्या घरापासून तासाभरावर. "तो बघ, तो बघ" म्हणत बाबा मला खांद्यावर घ्यायचे आणि मला फक्त हलणारं गवत दिसायचं. पुढे स्वतःची दुर्बीण घेऊन कितीदा तरी गेले. काळवीट दिसले, धाविक पक्षी दिसले. माळढोक नाही.

सुदासरीच्या बाजूला रस्त्याकडेला गाडी लावली, इंजिन बंद केलं. खाली उतरले नाही. गाडीचा आडोसा पक्ष्याला चालतो, माणूस उतरला की तो बिचकतो. दीड तास पखुर्ड्यांचा एक थवा आणि गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या, एवढंच. मग सेवणच्या झुपक्यांपलीकडे एक फिकट काठी दिसली. काठी हलली. काळी टोपी, लांब पांढुरकी मान, छातीवर काळा पट्टा: नर. चोच किंचित वर धरून तो सावकाश चालत होता. गावच्या पाटलासारखा चालतो, असं बाबा म्हणायचे. अगदी तसाच. मध्येच थांबून त्याने जमिनीवरून काहीतरी उचललं, टोळ असावा, आणि पुन्हा चालू लागला. माझे हात इतके थरथरत होते, की दुर्बीण खिडकीच्या काचेवर टेकवावी लागली. वीसेक मिनिटं. मग तो एका उंचवट्यामागे उतरला तो दिसेनासाच झाला.

मोकळ्या रानात उरलेले सगळे मिळून अंदाजे दीडशे, त्यातले बहुतेक याच जैसलमेर जिल्ह्यात. त्यातला एक मी पाहिला.

तिथे मोबाइलला रेंज नव्हती. समला येऊन बाबांना फोन लावला. गुडघ्यांमुळे त्यांना आता प्रवास झेपत नाही.

"बाबा, दिसला."

"एकच?"

"एकच. नर."

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "उद्या परत जा. पहाटे जा."

साडेपाचचा गजर लावलाय.