मेलेले मासे आणि दुपारचा नमुना

कृष्णा खोऱ्यातल्या एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात एप्रिलमध्ये मासे मेले. आमचं पथक पोचलं तेव्हा दुपार कलली होती आणि काठावरच्या गर्दीचा निकालही लागून गेला होता: वरच्या अंगाला कुणीतरी विष सोडलं. मीटर पाण्यात घातला तर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 12 मिलिग्रॅम. 30 अंशाच्या पाण्यात हवेतून साडेसातच्या आसपासच मावतो. अशा पाण्यात मासे गुदमरले म्हटलं तर कोण ऐकून घेणार?

पण आधी कोण मेलंय ते बघायचं. काठाला लागलेले कटला आणि रोहू, तेही मोठे. तोंडं उघडी, कल्ले पसरलेले. मरळ मात्र जिवंत होती, कडेच्या गवतात अधूनमधून तोंड वर काढत होती. ती हवेतून श्वास घेते. कीटकनाशक असतं तर बहुधा तीही सुटली नसती आणि पिल्लं आधी गेली असती. पाणी हिरवंगार, पीएच 9 च्या वर. गावांचं सांडपाणी आणि उसाला टाकलेलं खत बरग्यांमागे, म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमध्ये बसवलेल्या काढत्या-घालत्या फळ्यांमागे, साचतं, त्यावर शेवाळ माजतं. ते दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. तळाचा गाळ कुजताना आणखी खातो. सगळ्यांत कमी साठा उजाडण्याआधी असतो.

म्हणून मुक्काम ठोकला आणि नमुना पहाटे घेतला. मीटरवर भागलं असतं, पण वादाच्या प्रकरणात विंकलर पद्धत, म्हणजे बाटलीत रसायनं घालून ऑक्सिजन मोजणं, मी सोडत नाही. 300 मिलिलिटरची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. बादलीतून वरून ओतलं की हवा मिसळते आणि आकडा फुगतो. हे सर्रास होतं. मग 2 मिलिलिटर मँगनीज सल्फेट, 2 मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्यात बुडवूनच. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तयार होणारा साका (खाली बसणारा गाळासारखा थर) तपकिरी होतो. आमचा पांढराच राहिला, म्हणजे ऑक्सिजन जवळपास शून्य.

वरच्या वाहत्या पात्रातला साका तपकिरी आला. त्यात 2 मिलिलिटर गंधकाम्ल घालून साका विरघळवला, 200 मिलिलिटरला 0.025 नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट थेंबाथेंबाने लावलं. शेवटी स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. जितके मिलिलिटर लागतील तितके लिटरला मिलिग्रॅम. तिथे पावणेसहा भरले. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा किमान 4 आहे.

तरी कीटकनाशकाचा नमुना काचेच्या गडद बाटलीत, बर्फात ठेवून पाठवलाच. नुसत्या मरळीवर प्रकरण टिकत नाही.

सगळे बरगे आत्ताच काढा, असा आग्रह होता. तसं केलं की तळाचं काळं पाणी खालच्या बंधाऱ्यात उतरतं आणि तिथले मासे जातात. वरचे एक-दोन बरगेच काढायला सांगितलं, तेही दुपारी. उंचावरून पडताना पाणी हवा धरतं.