तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा वेळ का लागला?

प्रौढ वयात मी कॅथलिक झाले हे कळल्यावर लोक ‘का?’ असे विचारतील, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न वेगळाच आहे : निर्णय झालेला होता, तर बाप्तिस्म्यापर्यंत दीड वर्ष कशासाठी गेले? ज्यांनी बायबल वाचले आहे ते तर पुरावाच पुढे करतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रथातून जाणारा इथियोपियाचा अधिकारी वाटेत पाणी दिसताच बाप्तिस्म्याला काय हरकत आहे असे विचारतो, आणि फिलिप्प त्याला तिथल्या तिथे बाप्तिस्मा देतो. मग तुम्हालाच एवढे का ताटकळवले?

पहिल्या भेटीत मीही फादरांना तारीखच विचारली होती. त्यांनी ती दिली नाही. ‘रविवारी मिस्साला येऊन बसत जा, मग बोलू,’ एवढेच ते म्हणाले. (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना.) मला ती टाळाटाळ वाटली आणि, खरे सांगायचे तर, थोडा अपमानही वाटला, कारण आपण एवढा मोठा निर्णय घेऊन आलो आहोत तर समोरच्याला आनंद व्हावा, असे मी गृहीत धरले होते. पुढे कधीतरी त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या, १९६५ च्या एका आदेशातला भाग मला वाचायला दिला. श्रद्धा स्वीकारण्यासाठी कोणावर बळजबरी करणे किंवा कोणाला आमिष दाखवणे चर्चला सक्त मना आहे, हे त्यात आहेच. पण येणाऱ्याचे हेतू तपासावेत आणि गरज असल्यास ते शुद्ध करून घ्यावेत, असेही त्याच परिच्छेदात म्हटले आहे. माझे हेतू तपासण्याजोगेच होते. एका मृत्यूनंतर मला शांतता हवी होती, आणि ती मला एका रिकाम्या चर्चमध्ये सापडली होती. शांततेच्या शोधात चर्चमध्ये येण्यात गैर काही नाही, परंतु शांतता हवी असणे आणि ख्रिस्त हवा असणे यांतला फरक मला त्या वेळी सांगता आला नसता. तो कळायलाच माझे पहिले सहा-सात महिने गेले.

ही वाट पाहायला लावण्याची पद्धत जुनी आहे. चर्चच्या आरंभीच्या शतकांतील एका नियमसंहितेत दीक्षार्थीने, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याने, तीन वर्षे वचन ऐकावे असे सांगितले आहे, आणि लगेच जोडले आहे की पाहायची ती वर्षे नव्हेत, वागणूक. पुढे बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच होऊ लागल्यावर प्रौढांची ही टप्प्याटप्प्याची तयारी मागे पडली. ती पुन्हा सुरू करावी असे परिषदेने १९६३ मध्ये ठरवले आणि त्यानुसार १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी प्रसिद्ध झाला. अपवाद पूर्वीही होते, हे प्रांजळपणे सांगायला हवे. ज्या बिशप अँब्रोझने ३८७ च्या ईस्टरला, पुढे थोर ख्रिस्ती विचारवंत ठरलेल्या बत्तीस वर्षांच्या ऑगस्टीनला मिलानमध्ये बाप्तिस्मा दिला, त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा ३७४ मध्ये लोकांनी त्याला बिशप म्हणून निवडले तेव्हा झालेलाच नव्हता. मग बाप्तिस्मा आणि बिशपपदाची दीक्षा दोन्ही आठवड्याभरात उरकण्यात आले. आजही घाई खरोखरच निकडीची असेल तर चर्च घाई करते : माणूस मृत्यूच्या दारात असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती त्याला बाप्तिस्मा देऊ शकते. माझ्या बाबतीत निकड नव्हती, उतावीळपणा होता.

त्या दीड वर्षात मला सर्वांत अधिक शिकवले ते दर रविवारी बाहेर पाठवले जाण्याने. दीक्षार्थी म्हणून स्वीकारताना कपाळावर क्रुसाची खूण केली जाते, आणि त्यानंतर तुम्ही मिस्सामध्ये वाचने व प्रवचन ऐकता. मात्र प्रवचन संपले की धर्मगुरू तुम्हाला आशीर्वाद देऊन निरोप देतात आणि तुम्ही शिकवणाऱ्या बाईंबरोबर बाजूच्या खोलीत जाऊन त्याच वाचनांवर बोलत बसता. भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेले जातात तेव्हा तुम्ही तिथे नसता. पहिल्या काही रविवारी सगळ्यांच्या देखत उठून जाताना मला शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखे वाटे. नंतर केव्हातरी, भिंतीपलीकडून गायन ऐकू येत असताना, बोलणे सोडून मी कान देऊन बसू लागले. ज्यापासून मला दूर ठेवले होते ते माझ्या दृष्टीने आता शांततेचे साधन राहिले नव्हते. कोणीतरी तिथे आहे आणि मी इथे आहे, असे ते अंतर होते. याच काळात मला हेही कळले की दीक्षार्थी पूर्णपणे बाहेरचा नसतो : बाप्तिस्म्याआधी माझा मृत्यू झाला असता, तर अंत्यविधीच्या बाबतीत चर्चने मला आपल्यांतच धरले असते. ज्यांना मिस्सामधून दर आठवड्याला बाहेर पाठवायचे त्यांचा एवढा विचार केलेला असावा, याचे मला आश्चर्य वाटले.

पुढचे टप्पे झरझर गेले. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी बिशपांसमोर नावनोंदणी झाली. त्या काळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आमच्यासाठी विशेष प्रार्थना झाल्या, आणि त्यांसोबत विहिरीवर येशूशी बोलणारी शमरोनी स्त्री, त्याने दृष्टी दिलेला जन्मांध मनुष्य आणि मेलेल्यांतून उठवलेला लाजर यांची योहानाच्या शुभवर्तमानातील वाचने होती. या प्रार्थनांत वाईटापासून मुक्तीची याचना असते. ती ऐकून चित्रपटातल्या भूतबाधेची आठवण काढणाऱ्यांना सांगते की तिथे कोणी किंचाळत नाही. मला मात्र शमरोनी स्त्रीचा हेवा वाटला, कारण तिला विहिरीवर एका दुपारीच सगळे उमगू लागले होते.

ईस्टरच्या आदल्या रात्री अंधारात नवा अग्नी पेटवला गेला, मोठी मेणबत्ती आत आणली गेली, वाचनांमागून वाचने झाली, आणि मग बाप्तिस्मा, दृढीकरण (तैलाभ्यंगाने श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि ख्रिस्तशरीर (पवित्र भाकरीचे सेवन) हे तिन्ही संस्कार मला एकाच रात्री मिळाले. त्या रात्रीचे फारसे काही मला नीट आठवत नाही; पाणी फार गार होते एवढे आठवते.

त्यानंतरच्या रविवारचे मात्र स्वच्छ आठवते. प्रवचन संपले, आणि दीड वर्षाच्या सवयीने मी उठून मधल्या वाटेत आले. बाप्तिस्म्याच्या वेळी माझी साक्षीदार झालेल्या माझ्या धर्ममातेने हात धरून मला परत बाकाकडे ओढले. तोवर सगळेच विश्वासांगीकारासाठी, म्हणजे श्रद्धेचे वचन एकत्र म्हणण्यासाठी, उभे राहत होते, त्यामुळे माझी चूक कोणाच्या लक्षात आली नसावी.