‘हा’ गावातली एमआय रूम

पोस्टिंग कळल्यावर आईनं फोनवर विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "हा." "अरे हा काय, कुठं?" पाच मिनिटं हेच चाललं. हा हे पश्चिम भूतानमधल्या खोऱ्याचं नाव. उंची साधारण 2,700 मीटर. भारतीय सैन्याचं प्रशिक्षण पथक, म्हणजे इमट्राट, 1962 पासून इथं आहे. मी सैन्यातला डॉक्टर. माझं काम रॉयल भूतान आर्मीच्या मेडिकल असिस्टंटना तयार करायचं, म्हणजे उद्या आम्ही नसलो तरी त्यांची एमआय रूम (मेडिकल इन्स्पेक्शन रूम, म्हणजे सैन्यातला छोटा दवाखाना) चालली पाहिजे.

जाताना माझ्या डोक्यात सगळी लढाईच होती. टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा), स्ट्रेचर, गोळी लागलेला माणूस. पहिले दोन महिने तेच शिकवलं आणि पोरांनी पटापट उचललंही. पण सकाळी सिक रिपोर्टला, म्हणजे आजाऱ्यांच्या तपासणीला, यायचे ते पोट जळतंय म्हणणारे (तिथं मिरची मसाल्यात नाही, भाजी म्हणून खातात, चीज घालून), पाय मुरगळलेले, आणि वयस्कर मंडळी बीपीची. मीठ-लोण्याचा चहा दिवसातून किती कप पिता हे विचारलं की नुसतं हसायचे.

औषधं संपत आली की मी फोन फिरवायचो, माल यायचा. मला वाटायचं, काय झकास चाललंय! मग महिनाभर साताऱ्याला सुट्टीवर गेलो. परत येऊन पाहतो तर पोटाच्या गोळ्यांचा डबा रिकामा, मलमपट्टीचं सामान तळाला. मी चिडलो. तिथला मुख्य असिस्टंट, माझ्याहून वयानं मोठा माणूस, शांतपणे म्हणाला, "सर ला, इंडेंट तो आप करते थे." (इंडेंट म्हणजे औषधांची मागणी. आणि हा ‘ला’ आपल्या ‘जी’सारखा. त्यामुळे टोमणासुद्धा आदरानं बसतो.)

त्या दिवसापासून ठरवलं, आकडे त्यानं काढायचे, मी फक्त सही करणार. आणि मागणी आमच्या स्टोअरकडे न जाता थिंफूला त्यांच्याच स्टोअरकडे जाणार. प्रत्येक औषधाला एक बिन कार्ड: आलं किती, गेलं किती, उरलं किती. महिन्याचा खप गुणिले माल पोचायला लागणारे महिने, वर थोडी शिल्लक. गणित चौथीचं, पण भारताच्या सीमेवरच्या फुंटशोलिंगहून वर येणारा रस्ता पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो आणि हिवाळ्यात चेले ला खिंडीत बर्फ असतं, हे त्या गणितात धरावं लागतं. ते मला कधी सुचलं नव्हतं. त्यानं जूनच्या आधीच तीन महिन्यांचा साठा मागायला सुरुवात केली.

पहिल्याच इंडेंटमध्ये त्यानं एका गोळीचं एक शून्य कमी लिहिलं. मला दिसलं होतं. तरी सही केली. अकरा दिवस ती गोळी नव्हती, लोकांना पातळ अँटासिडवर काढावे लागले आणि मला वरून बोलणी बसली. जीवावरचं औषध असतं तर असं केलं नसतं. पण नंतर त्याचा शून्य कधी चुकला नाही.

ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राची, गोष्ट मात्र माझी लाज काढणारी. आमचा उभा, कुकरसारखा, वर फक्त प्रेशरचा काटा. 15 पौंडाला 121 अंश, वीस मिनिटं, हे पाठ. एकदा तो असिस्टंट म्हणाला, "सर ला, इथं डाळ शिजत नाही, मग कात्री कशी शिजते?" मी हसलो आणि रात्री झोप लागेना. काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, आणि ‘हा’मध्ये बाहेरची हवाच विरळ. पाणी 91 अंशांच्या आसपास उकळतं. 15 पौंडावर आत जेमतेम 116 अंश होत असणार. डब्याला लावलेली, वाफेनं रंग बदलणारी पट्टी काळी व्हायची, म्हणून आम्ही निश्चिंत! 121 गाठायला काटा 19 पौंडाच्या आसपास न्यावा लागला असता, पण आमचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याआधीच शिट्टी मारायचा. शेवटी वेळ वाढवली. 15 पौंड, वीसऐवजी तीस मिनिटं. हे मला पुण्यात वानवडीला एएफएमसीत, सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, शिकवलं असणारच. मी बहुधा मागच्या बाकावर होतो.

त्या असिस्टंटनं झोंगखात, म्हणजे भूतानच्या भाषेत, कागद लिहून ऑटोक्लेव्हशेजारी चिकटवला. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, म्हणून आकडे त्यानं खाली पुन्हा इंग्रजीत लिहिले, माझ्यासाठी.

माझ्या जागी आलेल्या डॉक्टरचा दोन महिन्यांनी फोन आला. आवाज वैतागलेला. "सर, तुमचा तो असिस्टंट मला इंडेंटमध्ये एक आकडा बदलू देत नाही. म्हणतो, आपण फक्त सही करायची."