पर्यावरण वार्ताहरांच्या परिषदेला जायचंय? टेम्पीचा अनुभव

अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ एन्व्हायर्न्मेंटल जर्नलिस्ट्स' या 1990 साली सुरू झालेल्या संघटनेची वार्षिक परिषद दर खेपेला नव्या शहरात भरते. 2023 ला बॉइझी, 2024 ला फिलाडेल्फिया आणि 2025 च्या एप्रिलअखेरीस ॲरिझोनातलं टेम्पी, फिनिक्सला खेटून असलेलं विद्यापीठाचं गाव.

कुठल्याही वर्षी जा, आधी व्हिसाचं बघा. नुसतं ऐकायला जाणार असाल तर बी-1, म्हणजे कामानिमित्त छोट्या भेटीचा व्हिसा, चालतो. पण परिषदेवर लिहिणार असाल, अगदी घरी परतल्यावर का होईना, तर पत्रकारांचा आय व्हिसा लागतो. मी तोच काढला. संपादकांचं पत्र आणि कात्रणं जवळ ठेवा. मुक्त पत्रकारांनी एखाद्या माध्यमाशी झालेल्या कराराचा कागद आधीच मिळवावा.

परिषदेतली खरी कमाई सभागृहात नाही, गुरुवारच्या बसमध्ये होते. दिवसभराच्या या क्षेत्रभेटींचे पैसे वेगळे भरावे लागतात आणि जागा बघता बघता संपतात, तेव्हा नोंदणी सुरू झाली की लगेच नाव घाला. शेजारच्या सीटवरचा माणूस संध्याकाळपर्यंत पक्का ओळखीचा होतो; कार्डं वाटत हिंडण्यापेक्षा हे बरं. नंतरच्या चर्चासत्रांत सगळीकडे डोकावू नका. मंचावर बरेचजण पाठ केलेलंच बोलतात. त्यांना कॉफीच्या रांगेत गाठावं.

आणि जाताना आपला एक प्रश्न घेऊन जा. माझा होता, उन्हाने गेलेली माणसं मोजतात कशी? फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखी) येतं तिथे 2023 मध्ये उष्णतेशी संबंधित 645 मृत्यूंची नोंद झाली. त्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. तिथे संशयास्पद मृत्यूची चौकशी मेडिकल एक्झामिनर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारा सरकारी डॉक्टर, करतो. माणूस घरात गेला असेल तर एसी होता का, होता तर चालू होता का, हेसुद्धा नोंदतात, आणि उन्हाळाभर दर आठवड्याला आकडे जाहीर करतात. आपल्याकडे चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात कोसळलेला मजूर कागदावर पुष्कळदा हृदयविकाराने गेलेला असतो. तिथे चौकशीत काय काय नोंदतात त्याचा तक्ता आपल्या जिल्हा रुग्णालयात दाखवून प्रश्न विचारता येतात, एवढ्यासाठीही तिकिटाचे पैसे वसूल.

संध्याकाळी कॅम्पसवरून चालत टेम्पी टाउन लेकवर जा. पश्चिमेकडच्या बंधाऱ्याजवळच्या पादचारी पुलावर उभं राहिलं की एका अंगाला होड्या वल्हवण्याइतकं पाणी आणि दुसऱ्या अंगाला सॉल्ट नदीचं पात्र, नुसते गोटे आणि झुडपं. वाळवंटात तलाव हवा म्हणून नदी अडवून 1999 मध्ये हा केला. 2010 मध्ये हवा भरून फुगवलेल्या रबरी बंधाऱ्याचा एक फुगा फुटला आणि रातोरात तळ दिसला. आता पोलादी दारं आहेत. पाणीबातमी करणाऱ्याला यापेक्षा चांगला फोटो कुठे मिळणार!

विमानतळावरून टॅक्सी करू नका. स्काय ट्रेन फुकट आहे, ती 44 व्या रस्त्यावरच्या स्टेशनात सोडते. तिथून लाइट रेलने दोन डॉलरमध्ये टेम्पी. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, पाण्याची बाटली हातातच असू द्या. शाकाहारींनी नोंदणीच्या वेळीच तसं कळवावं. ॲरिझोना आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे. रात्री दहाला बातमी पाठवली की पुण्यात सकाळचे साडेदहा, म्हणजे डेस्कवर कुणीतरी आलेलं असतं.