वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर एकच झूम लेन्स

छत्रपती संभाजीनगरला मुक्काम ठेवून दौलताबाद, वेरूळ आणि अजिंठा पाहायचे ठरले, तेव्हा कॅमेऱ्याच्या पिशवीत काय न्यायचे हा प्रश्न आधी सोडवावा लागला. माझ्या निकॉन डी५६०० कॅमेऱ्यावर १८-१४० मिमीची एफ/३.५-५.६ ही झूम लेन्स लावली आणि सोबत ३५ मिमीची एफ/१.८ ही छोटी लेन्स ठेवली. मिमीचा आकडा लहान असेल तर दृश्य रुंद येते, मोठा असेल तर दूरचे जवळ दिसते; आणि एफचा आकडा जितका लहान, तितका अधिक प्रकाश आत येतो. टॅमरॉनची १८-४०० हीदेखील विचारात होती. परंतु तिचे वजन सुमारे ७०० ग्रॅम, तर १८-१४०चे ४९०, आणि किमतीतही बरेच अंतर. प्रवासानंतर माझे मत असे झाले आहे की, या वाटेवर लांबचा पल्ला क्वचितच कमी पडतो. कमी पडतात ते रुंद कोन आणि प्रकाश.

दौलताबादला झूम लेन्सची सोय सर्वाधिक जाणवली. चाँदमिनार पायथ्यापासून पूर्ण टिपायचा आणि लगेच त्याच्या सज्ज्याखालचे नक्षीकाम जवळ आणायचे, हे लेन्स न बदलता जमते. किल्ल्यावरच्या धुळीत आणि वाऱ्यात कॅमेरा उघडावा लागत नाही, ही गोष्ट लहान नाही.

वेरूळच्या कैलास लेण्यात मात्र १८ मिमीची मर्यादा कळते. या कॅमेऱ्यावर १८ मिमीला सुमारे ७६ अंशांचा कोन मिळतो. तो एरवी पुरेसा वाटतो, पण एकाच कातळातून कोरलेले मंदिर आणि त्याभोवतीची उंच भिंत यांमधल्या चौकात मागे सरकायला जागाच नसते. उभी चौकट धरून कोपऱ्यातून तिरपे छायाचित्र घेणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. १८ मिमीला कडेचे खांब किंचित बाहेर फुगलेले दिसतात. तो दोष कॅमेऱ्यातील सुधारणेने किंवा नंतर संगणकावर निघतो. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळे दर्शनी भागासाठी दुपारनंतर जावे. बाजूच्या वाटेने डोंगरावर चढून कड्याच्या काठाशी आले, की मंडपाच्या छपरावरचे कमळ आणि त्यावरील चार सिंह समोर दिसतात. तिथे ७० ते १०० मिमीचा टप्पा उत्तम उपयोगी पडला. ज्यांना प्रामुख्याने मंदिरे आणि लेणीच टिपायची आहेत, त्यांनी दूरचा पल्ला थोडा सोडून १६-८५ किंवा १७-७० मिमी अशा लेन्सचा विचार अवश्य करावा.

अजिंठ्यात प्रश्न प्रकाशाचा आहे. चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदी आहे, तिवईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि आतले दिवे मुद्दामच मंद ठेवलेले असतात. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर अडसरामागून ५० मिमीच्या आसपास चौकट जमते. पण तिथवर येईतो झूम लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/५च्या जवळ आलेले असते. एफ/१.८ची लेन्स त्यापेक्षा सात-आठपट प्रकाश आत घेते. भिंत हलत नसल्यामुळे झूममधील कंप-नियंत्रणाच्या जोरावर १/१५ सेकंदालाही स्पष्ट चित्र मिळू शकते, हे खरे; मात्र चौकटीत माणसे असतील, तर ती पुसट होतात आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अशा वेळी ३५ मिमी लावावी आणि रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) टिपावे, म्हणजे दिव्यांची पिवळसर झाक नंतर दुरुस्त करता येते. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे ७ मीटर लांब असून खांबांच्या मागे अरुंद जागेत आहे. ती समोरून मावत नाही, म्हणून पायांच्या बाजूने तिरपी घ्यावी. झूमचे लांबचे टोक खऱ्या अर्थाने कामी आले, ते वाघूर नदीपलीकडच्या टेकडीवरून. तिथून लेण्यांचा नालाकृती कडा १८ मिमीत येतो आणि एकेका लेण्याचे दार १४०मध्ये.

अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस आखावेत. अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर लावून पुढचे सुमारे ४ किलोमीटर तिथल्या बसनेच जावे लागते, त्यामुळे पिशवी हलकी असलेली बरी.

कॅनन वापरणाऱ्यांना ईएफ-एस १८-१३५ आणि सोनीच्या ई माउंटवाल्यांना (माउंट म्हणजे लेन्स बसवण्याची खाच) १८-१३५ हे याच तोलाचे पर्याय आहेत. सोनीची लेन्स तर अवघी ३२५ ग्रॅमची आहे. पैसे वाचवण्यासाठी वापरलेली लेन्स घेण्यास माझी हरकत नाही, उलट १८-१४० जुनी घेऊन उरलेल्या पैशांत ३५ मिमी घ्यावी, असेच मी सुचवेन. मात्र निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, म्हणून लेन्सच्या नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ (म्हणजे मोटर लेन्समध्येच) आहे ना, हे पाहावे. नुसत्या ‘एएफ’ लेन्सवर फोकस हातानेच करावा लागेल, आणि जुन्या कॅमेऱ्यावर एएफ-पी चालते का, हेही विचारून घ्यावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेतून आलेल्या लेन्समध्ये बुरशीचे जाळे असू शकते. मागचे झाकण काढून टॉर्चचा उजेड आरपार टाकला की ते कोळिष्टकासारखे दिसते. लेन्स खाली तोंड करून धरल्यावर नळी आपोआप घसरत असेल, तर किंमत कमी करायला सांगावे. आणि बुरशी दिसली, तर घासाघीस न करता ती परत द्यावी.